नगरपालिकेचा कान

माझे बाबा नगरपालिकेच्या संगीत रेडिओवर नोकरीला होते आणि त्यांना संगीतातलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. हे मी कमीपणा म्हणून सांगत नाही. गणपतीच्या आरतीला त्यांच्या हातात झांजा द्यायचे, कारण तिथे चुकायला फारसा वाव नाही असं सगळ्यांना वाटायचं. ते तिथेही चुकायचे, आणि आपण चुकतोय हे त्यांना कळायचं नाही, त्यामुळे आरती संपेपर्यंत त्यांचा चेहरा प्रसन्न असायचा.

शहराचं नाव मी लिहीत नाही. तिथल्या नगरपालिकेत अजून ओळखीची माणसं आहेत आणि मला दर दोन वर्षांनी तिकडून एक कागद लागतो. आखातात रास अल खैमाकडून खाली येताना समुद्र उजव्या हाताला ठेवला की जी गावं लागतात त्यातलं एक, एवढं पुरे. या नगरपालिकेतले एक मोठे साहेब गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी युरोपात गेले होते. तिथल्या हॉस्पिटलात सकाळ-संध्याकाळ तिकडचं अभिजात संगीत लावलेलं असे. गुडघा बरा झाला. साहेब परत आले ते ठरवूनच, की आपल्या शहरालाही असं एक रेडिओ स्टेशन हवं. गुडघा डॉक्टरांनी बरा केला की संगीताने, हे त्यांना विचारायची कोणाची प्राज्ञा नव्हती. पाण्याच्या टाकीमागे, नगरपालिकेच्या रोपवाटिकेला लागून एक बैठी इमारत आणि एक उंच मनोरा उभा राहिला. चोवीस तास संगीत, जाहिरात नाही, बडबड नाही. ऐकणारे किती होते कोण जाणे. पण नगरपालिकेच्या मालकीच्या प्रत्येक जागेत हेच स्टेशन लावायचं असा आदेश निघाला, त्यामुळे पार्किंगचा दंड भरायच्या खिडकीत, मुलांच्या लसीकरणाच्या खोलीत, सार्वजनिक बागांत आणि भाजीमंडईत दिवसभर व्हायोलिनं वाजायची. कत्तलखान्यातही लावलं होतं. तिथलं नंतर बंद केलं, कारण कामगार हळू काम करायला लागले.

बाबा मूळचे सांगलीचे, बी.कॉम. झालेले, आणि नगरपालिकेत आले ते टेंडर खात्यात टायपिंगला. रेडिओ सुरू झाला तेव्हा वरच्यांना एक अडचण लक्षात आली. अजान दिवसातून पाच वेळा होते आणि तिची वेळ रोज मिनिटभर इकडेतिकडे सरकते. अजान कोणासाठी थांबत नाही, थांबायचं ते संगीताने. पण युरोपातल्या त्या रचना कोणी अजानच्या वेळा बघून केलेल्या नव्हत्या. एखादी पंचवीस मिनिटं चालायची, एखादी पाऊण तास, आणि मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या अजानच्या आधी नेमकी एकोणीस मिनिटं शिल्लक असायची. तेव्हा वर्षभराचं नमाजाचं वेळापत्रक एका हातात आणि सीडींची यादी दुसऱ्या हातात घेऊन रोजचा हिशोब जमवणारा माणूस हवा होता. बाबांचं टायपिंग चुकत नसे आणि ते कधी उशिरा येत नसत, एवढ्यावर त्यांची नेमणूक झाली. त्यांना रचनांची नावं पाठ होत नसत. ते त्यांना लांबीवरून ओळखायचे. "आज दुपारी अठरा-चाळीस लावलं," असं जेवताना सांगायचे, "आणि मागून सहा-पाच. फिट्ट बसलं." मला शाळेत एकदा आवडत्या संगीताबद्दल विचारलं तेव्हा मी "ट्वेल्व्ह-टेन" म्हणाले होते. टीचरने ते कुठल्यातरी बँडचं नाव समजून लिहून घेतलं.

आम्ही राहायचो ते घर एका इस्त्रीच्या दुकानाच्या वर होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक गॅलरी, जिच्यात उन्हामुळे वर्षातले सात महिने कोणी जात नसे. खिडकीतला एसी इतका जुना होता की तो बंद झाला की झोपलेली माणसं दचकून उठायची. आई म्हणायची, हा काळी दोनच्या पट्टीत घुमतो. आई मिरजेची. तिच्या वडिलांचं वाद्यांच्या तारांचं दुकान होतं आणि दुरुस्तीला येणारे तंबोरे लावून बघायचं काम लहानपणापासून तिच्याकडे होतं. गाणं ती रीतसर पाचसहा वर्षं शिकली होती. लग्नानंतर तंबोरा इकडे आणायचा तर विमानात त्याच्या वजनाचे आणि जागेचे प्रश्न निघाले, तेव्हा तो मिरजेला राहिला आणि त्याच्या वजनाइतकं ज्वारीचं पीठ आणि मसाले आले. ती घरी गात नसे. कधी पोळ्या लाटताना एखादा सूर लावायची आणि एसीशी जुळला की सोडून द्यायची.

तेव्हा तिकडे ऑफिसं दोन पाळ्यांत चालायची. बाबा एकला घरी येत आणि चारला परत जात. आज माझ्या मुलांना हे सांगितलं तर त्यांना ती चैन वाटते. मधल्या तीन तासांत जेवण, झोप आणि चहा असा क्रम होता. मात्र सीडीवर छापलेली लांबी कधीकधी चारपाच सेकंदांनी खोटी निघते असं बाबांना आढळल्यापासून झोप गेली. ते संशयित सीडी घरी आणून मोजायला लागले. टेबलावर सीडी प्लेअर, शेजारी लॉगशीट, आणि बाबा घड्याळाकडे बघत बसलेले. अजानपर्यंतचा वेळ कमी पडत असेल तर रचना मध्येच हळूहळू आवाज उतरवून बंद करावी लागे, आणि ती कुठे बंद करायची हे बाबा घड्याळावरून ठरवायचे. साहजिकच लोकांच्या तक्रारी यायच्या. एक दातांचे डॉक्टर दर आठवड्याला फोन करून सांगत की आमच्या खुर्चीतला पेशंट तुमच्यामुळे तोंड मिटतो.

एका दुपारी आई गवार मोडत बसली होती. बाबांनी बटण दाबून संगीत थांबवलं.

"अहो, तिथे नका सोडू," आई म्हणाली.

"का? सात मिनिटं झाली बरोबर."

"वाक्य अर्धं राहिलं ना. कोणी 'मी जाऊन' एवढंच म्हटलं आणि दार लावून घेतलं, तसं झालं. मागे घ्या थोडं आणि पुढे जाऊ द्या."

बाबांनी मागे घेतलं. आई गवारीकडे बघतच ऐकत होती. "आता नाही. अजून नाही. हां, आता सोडा." बाबांनी बटण दाबलं. मला, दहा-अकरा वर्षांच्या पोरीलाही, खोलीत काहीतरी नीट झाल्यासारखं वाटलं. बाबांना काही वाटलं नाही, पण त्यांनी सीडीच्या कव्हरवर पेन्सिलीने सहा-बावन्न असं लिहून ठेवलं.

मग ते रोजचंच झालं. आईला त्या संगीतातलं नाव-गाव काही माहीत नव्हतं आणि तिने ते कधी विचारलंही नाही. ती ऐकायची आणि सांगायची, आणि बाबा लिहायचे. ऐकताना तिला बोललेलं चालत नसे, म्हणून चहा बाबा करायला लागले. आलं किती किसायचं हे त्यांना कधी उमगलं नाही, पण चहा वेळेवर व्हायचा. एका रचनेला तीन-चार ठिकाणी खुणा, म्हणजे अजान अलीकडे आली काय, पलीकडे गेली काय, सोडायला जागा तयार. वर्षभरात कपाटभर सीडींवर बाबांच्या अक्षरात आईच्या खुणा झाल्या. दातांच्या डॉक्टरांचा फोन बंद झाला.

स्टेशनचे प्रमुख नबील साहेब. दमास्कसचे, साठीच्या जवळ आलेले, बायको तिकडेच. तरुणपणी ते सनईच्या जातीचं कुठलंसं वाद्य ऑर्केस्ट्रात वाजवायचे, आणि वाजवणं सुटलेल्या माणसाची एक नाराजी त्यांच्या चेहऱ्यावर कायमची होती. त्यांच्या लक्षात आलं की रचना आता योग्य जागी थांबतात. त्यांनी कव्हरवरच्या खुणा बघितल्या, अक्षर ओळखलं आणि बाबांना बोलावून म्हणाले, तुम्हाला असामान्य कान आहे. बाबा "थँक यू, सर" म्हणाले. पहिल्यांदा ते गोंधळून म्हणाले, असं त्यांनी मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. दुसऱ्यांदा, पहिल्यांदा म्हणालो होतो म्हणून म्हणाले. त्यानंतर नबील साहेब त्यांना सगळ्यांसमोर "नगरपालिकेचा कान" म्हणायला लागले आणि बाबा दर वेळी थँक यू म्हणत राहिले. घरी येऊन हे सगळं ते आम्हाला हसत सांगायचे. आई म्हणायची, "बरं." अशी तीन वर्षं गेली.

मी चौदा वर्षांची असताना एका शुक्रवारी नबील साहेब आमच्याकडे जेवायला आले. शुक्रवार तेव्हा सुट्टीचा. आईने मटणाचा तांबडा आणि पांढरा असे दोन्ही रस्से केले होते, आणि इस्त्रीच्या दुकानातून दोन खुर्च्या उसन्या आणल्या होत्या. नबील साहेबांनी पांढरा रस्सा तीनदा घेतला. वाटीला तोंड लावून प्यायले. आपल्या आजीच्या घरी दह्यात शिजवलेलं मटण असायचं, ते याच्या जवळचं आहे म्हणाले. नंतर त्यांनी हात पुसले आणि बाबांकडे वळले. ते बाबांना त्यांच्या पद्धतीने माझ्या नावावरून, अनघाचे वडील म्हणून, हाक मारायचे.

"अबू अनघा, एक बातमी आहे. म्युझिक एडिटरच्या पोस्टसाठी मी तुमचं नाव दिलंय. कॅपिटलहून दोन माणसं येतील पुढच्या महिन्यात. फॉर्मॅलिटी असते. चार-पाच तुकडे ऐकवतील, कुठे सोडायचं ते विचारतील. तुम्हाला काय, पाच मिनिटांत खलास."

"थँक यू, सर," बाबा म्हणाले.

"मला नेहमी विचारायचं होतं. हा कान आला कुठून?"

बाबांनी समोरची वाटी उगाच सरळ केली. आई हातात डाव घेऊन त्यांच्या खुर्चीमागे उभी होती. "देअर वॉज सम म्युझिक इन द हाउस, सर," बाबा म्हणाले.

हे सगळं इंग्रजीत चाललेलं. आईला इंग्रजी बोलता येत नसे पण कळायचं बरंच. मी तिच्याकडे बघितलं. ती बाबांच्या पानात किती भात आहे ते बघत होती. तेवढ्यात नबील साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "अँड यू, यंग लेडी? तुलाही वडिलांचा कान मिळालाय का?"

"नो, अंकल," मी म्हणाले. "आय हॅव माय मदर्स. बाबा ऑल्सो यूजेस माय मदर्स."

नबील साहेब हसले. बाबाही हसले, जरा उशिरा. तिथेच ते मिटलं असतं. पण त्या वयात आपल्याला कोणी हसलं तर फार लागतं, आणि मी म्हणाले, "आय अ‍ॅम नॉट जोकिंग. शी लिसन्स अँड टेल्स वेअर टू स्टॉप. ही राइट्स इट डाउन अँड मेक्स टी."

नबील साहेबांनी बाबांकडे बघितलं, बाबा वाटीकडे बघत होते. मग साहेबांनी आईकडे बघून अगदी सावकाश इंग्रजीत विचारलं की मुलगी म्हणते ते खरं आहे का. मी भाषांतर करायची गरज नव्हती, तरी केलं.

आई म्हणाली, "त्यांना सांग, मला त्यातलं काही कळत नाही. आणि विचार, अजून भात वाढू का."

मी दोन्ही सांगितलं. "शी सेज शी डझन्ट नो एनीथिंग अबाउट इट. अँड डू यू वॉन्ट मोअर राइस."

नबील साहेबांनी भात घेतला. उरलेलं जेवण खोर फक्कानच्या रस्त्याबद्दल झालं. नवीन रस्ता डोंगरातून गेल्यावर किती वेळ वाचेल, यावर बाबा पुष्कळ बोलले. जाताना साहेबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही, एरवी ठेवायचे.

त्या दिवशी मला कोणी रागावलं नाही. मला ते जास्त जड गेलं. मी माझ्या खोलीत जाऊन रागवायची वाट बघत बसले आणि बाहेर भांडी घासल्याचा आवाज येत राहिला. बाबांची भीती मला समजत होती. नोकरी गेली की व्हिसा जातो, व्हिसा गेला की महिन्याभरात शाळा, घर, सगळं आवरून निघायचं, हे तिकडच्या प्रत्येक मुलाला चालायला लागल्यापासून ठाऊक असतं. मी खरं बोलले होते आणि माझ्या आईने मला खोटं ठरवलं होतं. खोटं तर खोटं, पण त्याने बाबांची नोकरी वाचली होती. कोणावर चिडावं हे मला ठरवता येईना, म्हणून मी सगळ्यांवर चिडले आणि दोन दिवस फक्त इंग्रजीत बोलले. कोणाच्या फारसं लक्षात आलं नाही. तिथली मुलं तशीही इंग्रजीतच उत्तरं देतात.

शनिवारी दुपारी बाबा नेहमीप्रमाणे सीडी घेऊन आले. जेवण झालं, त्यांनी प्लेअर लावला, पेन्सिलीला टोक केलं आणि आईकडे बघितलं.

"हे अकरा-तीस आहे," ते म्हणाले. "दोन ठिकाणी जागा लागेल."

आई वाल सोलत होती. "मला कुठे काय कळतं त्यातलं," ती म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. बसस्टॉप कुठे आहे विचारल्यावर माहीत नाही म्हणावं, तसं ती म्हणाली.

बाबांनी प्लेअरचं बटण दाबलं. मग त्यांनी स्वतःच खुणा करायला घेतल्या. इतक्या वर्षांत त्यांच्या एक लक्षात आलं होतं, की आईच्या खुणा पुष्कळदा आवाज लहान होतो तिथे असतात. तेव्हा आवाज लहान झाला की ते लिहायचे. पण संगीत कधी दम घ्यायलाही थांबतं, कधी मुद्दाम फसवायला थांबतं, आणि हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. दोन आठवडे असे गेले. व्हायोलिनं जिना चढता चढता गायब व्हायची आणि अजान सुरू व्हायची. दातांच्या डॉक्टरांचा फोन परत सुरू झाला. चहा बाबांनी बंद केला नाही. ते करायचे, आई प्यायची, कप धुवायची. ती बोलतही होती, सगळं बोलत होती. गॅस संपत आलाय, अनघाचा युनिफॉर्म आखूड झालाय, सांगलीला फोन करायचा आहे. फक्त त्या एका गोष्टीतलं तिला काही कळत नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात मी तिच्याबरोबर भाजीमंडईत गेले होते. आमची भाजी ठरलेली, मुलतानच्या हमीदभाईंकडून. आई दिरहममधला भाव ऐकून तो मोठ्याने रुपयांत करून दाखवायची आणि हमीदभाई दर वेळी तेवढंच चकित व्हायचे. त्या दिवशी ती भेंडीचं टोक मोडून बघत होती, डोक्यावरच्या लाऊडस्पीकरमध्ये पुष्कळ वाद्यं मिळून एकत्र वर चढत होती, आणि अगदी वर पोहोचायच्या आत आवाज खाली गेला. अस्रची, म्हणजे दुपार कलतानाची अजान झाली. अजान होईपर्यंत हमीदभाई गप्प उभे होते. नंतर वजनकाट्यात भेंडी टाकत म्हणाले, "बाजी, दो-तीन हफ्ते से ये रेडिओवाले बीच में काट देते हैं. पहले ठीक था. कोई नया आदमी आया होगा."

"आदमी वही है," आई म्हणाली. "उसकी तबियत ठीक नहीं."

"अल्लाह शिफा दे," हमीदभाई म्हणाले आणि चार मिरच्या वर घातल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाला आईने बाबांना सांगितलं, "मंडईत विचारत होते, रेडिओ मध्येच का तुटतो. मी सांगितलं, तब्येत बरी नाही."

"कोणाची?"

"तुमची."

बाबा जेवायचे थांबले. मग परत जेवायला लागले. त्या दुपारी त्यांनी प्लेअर लावला नाही. कॅपिटलची माणसं यायला आठ दिवस होते.

पुढचं मला बाबांनी सांगितलं ते पुष्कळ नंतर, निवृत्त होऊन सांगलीला गेल्यावर. दुसऱ्या सकाळी त्यांनी इस्त्रीवाल्याकडून नवा शर्ट कडक करून घेतला, आम्हा तिघांचे पासपोर्ट कपाटातून काढून एका पाकिटात ठेवले, म्हणजे लागले तर शोधायला नकोत, आणि नबील साहेबांच्या खोलीत जाऊन उभे राहिले. त्या खोलीत स्टेशन सतत चालू असे. बाबा म्हणाले, सर, मुलगी खरं बोलत होती. साहेबांनी हात लांब करून स्पीकरचा आवाज बंद केला. तसं त्यांनी आधी कधी केलेलं बाबांनी पाहिलं नव्हतं. मग म्हणाले, "खुणा तुमच्या नव्हत्या, ते मी समजू शकतो. खुणा चांगल्या होत्या. पण तीन वर्षं तुम्ही मला थँक यू म्हणालात."

साहेबांनी त्यांना काढलं नाही. उमेदवाराने नाव मागे घेतलं असं कॅपिटलला कळवलं आणि बाबांची बदली शेजारच्या इमारतीत, नगरपालिकेच्या बागखात्यात केली. मग विचारलं, तुमची बायको इथे काम करेल का. बाबा लगेच हो म्हणाले. तिकडे नवऱ्याच्या व्हिसावर असलेल्या बाईला नोकरी करायची तर नवऱ्याचं ना-हरकत पत्र लागायचं. बाबांनी तिथेच टाइपरायटर ओढून ते टाइप केलं. एकही चूक झाली नाही, असं सांगताना त्यांना वीस वर्षांनंतरही थोडं बरं वाटत होतं.

ते पत्र घेऊन ते घरी आले तेव्हा मी शाळेतून नुकतीच आले होते. त्यांनी झालं ते थोडक्यात आईला सांगितलं आणि पत्र वाचून दाखवलं. इंग्रजी वाचायचे आणि मराठी सांगायचे. माझ्या पत्नीने सदर आस्थापनेत नोकरी करण्यास माझी कोणतीही हरकत नाही. खाली सही.

आईने कागद हातात घेतला, उलटा करून मागे बघितला, मागे काही नव्हतं. "तुमची हरकत नाही हे कळलं," ती म्हणाली. "माझी आहे का, ते कोणी विचारलं?"

बाबांनी विचारलं, "आहे का?"

"बघते," आई म्हणाली, आणि पत्र डब्याखाली ठेवून पोळ्या करायला गेली.

ती चार दिवस बघत होती. त्या चार दिवसांत बाबा रोपवाटिकेत जाऊन यायचे आणि बुटांना माती घेऊन यायचे. पत्र डब्याखालीच होतं. पाचव्या दिवशी तिने मला वही घेऊन बसवलं आणि इंग्रजीत लिही म्हणाली. तिच्या तीन अटी होत्या. स्टेशनच्या रोजच्या यादीवर तिचं स्वतःचं पूर्ण नाव असेल. वेळ मी शाळेत असते तीच असेल. आणि घरी आणून ती काही करणार नाही. मी लिहिलं. शेवटी "थँकिंग यू" घातलं तर ती म्हणाली, ते खोड.

नबील साहेबांनी अटी मान्य केल्या. त्यांनी तिला चार तुकडे ऐकवले, फॉर्मॅलिटी म्हणून, आणि दुभाषी म्हणून मी शेजारी बसले होते. पण पहिल्या तिन्ही तुकड्यांना दुभाष्याचं काम पडलं नाही. ती बोट वर करायची, ते मान हलवायचे. चौथ्या तुकड्याला तिने बोट वर केलं आणि त्यांनी मान हलवली नाही. ते इंग्रजीत म्हणाले, अजून दोन सेकंद. तिने परत लावायला सांगितलं, परत ऐकलं आणि मला म्हणाली, "सांग त्यांना, बरोबर आहे त्यांचं." मी सांगितलं. आमच्याकडे जेवून गेल्यापासून ते पहिल्यांदा हसलेले मी बघितले.

आईने तिथे अकरा वर्षं काम केलं. रजिस्टरवर ती देवनागरीत सही करायची आणि हजेरीच्या कारकुनाने ते तिचं चित्र म्हणून मान्य केलं होतं. मग नगरपालिकेत नवे साहेब आले. त्यांचे गुडघे ठणठणीत होते. स्टेशन बंद झालं, त्याच लहरीवर आता वाहतुकीच्या बातम्या लागतात. बाबा बागखात्यात खूश होते, हे मला तेव्हा पटायचं नाही, आता पटतं. झाडाला पाणी घातलं की ते वाढतं आणि त्यात कोणी तुमचं कौतुक करत नाही, असं ते म्हणायचे. माझ्या त्या वाक्यांबद्दल ते मला कधीच काही बोलले नाहीत. सहा वर्षांपूर्वी ते गेले.

ही गोष्ट मी आयुष्यभर पुष्कळ ठिकाणी सांगितली आहे. कॉलेजात, ऑफिसच्या पार्ट्यांत, माझ्या मुलांना. सांगताना मी नेहमी ती चौदा वर्षांची मुलगी असायचे, जिने भर पंगतीत खरं बोलून दाखवलं आणि आईला तिची जागा मिळवून दिली. लोकांना आवडायची. आई आता माझ्याकडे शारजाला असते. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, एका कानाला यंत्र लावते आणि त्यातल्या आवाजाबद्दल कंपनीच्या माणसाशी हिंदीत भांडते. गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघी मटार सोलत बसलो होतो, तेव्हा मी तिला पहिल्यांदा विचारलं, की त्या दिवशी तू मला काही कळत नाही असं का म्हणालीस. बाबांना वाचवायला ना?

"ते होतंच," ती म्हणाली. "पण मला बोलायचं होतं गं. डाव ठेवून मी बोलणारच होते, इंग्रजीतलं वाक्यसुद्धा जुळवलं होतं मनात. तेवढ्यात तू बोललीस. माझ्या वतीने आधी हे बोलत होते, मग तू. मी म्हटलं, आता तुमचं तुम्हीच बघा."

मी मटार सोलत राहिले. थोड्या वेळाने विचारलं, कुठलं वाक्य जुळवलं होतंस. ती म्हणाली, आता आठवत नाही, आणि शेंगांची टोपली माझ्याकडे सरकवली.

हे प्रकरण मी तिला वाचून दाखवलं आहे. छापू का, असंही विचारलं आहे. तिने दोन तारखा चुकीच्या आहेत म्हणून सांगितलं, तेव्हा मी तारखाच काढून टाकल्या. मग म्हणाली, छाप. फक्त त्या वेळी माझ्या मनात काय काय चाललं होतं ते लिहू नकोस, तुला माहीत नाही.

म्हणून ते लिहिलेलं नाही.